इंग्रजीत विशेषण नामानंतर केव्हा आणि कसे लिहावे

मराठीत 'गोड आंबा' म्हणतात आणि इंग्रजीतही 'अ स्वीट मँगो' म्हणतात. विशेषण आधी आणि नाम नंतर हा क्रम दोन्ही भाषांत सारखाच असल्यामुळे इंग्रजी विशेषणांची जागा मराठी विद्यार्थ्याला वेगळी शिकवावी लागेल असे सहसा कोणाला वाटत नाही. अडचण येते ती 'समथिंग न्यू', 'द मेंबर्स प्रेझेंट', 'अ बास्केट फुल ऑफ मँगोज', 'द बेस्ट सीट अव्हेलेबल', 'अटर्नी जनरल' असे शब्दसमूह समोर आले म्हणजे. अभ्यासाच्या पुस्तकांत अशा रचना बहुधा 'अपवाद' या एकाच मथळ्याखाली दिलेल्या असतात आणि विद्यार्थी त्या पाठ करतात. माझ्या मते यांतल्या बहुतेक रचना अपवाद नाहीतच. त्यांच्यामागे एक साधे कारण आहे आणि ते नीट समजले की पाठांतर फार थोड्या ठिकाणी करावे लागते.

नामानंतर आलेले विशेषण हा बहुधा एका संक्षिप्त उपवाक्याचा उरलेला भाग असतो. 'द मेंबर्स प्रेझेंट' म्हणजे 'द मेंबर्स हू वेअर प्रेझेंट', आणि 'अ बास्केट फुल ऑफ मँगोज' म्हणजे 'अ बास्केट दॅट इज फुल ऑफ मँगोज'. मधले 'हू वेअर' किंवा 'दॅट इज' गळते आणि विशेषण आपल्या जागी तसेच राहते. म्हणून अशी रचना वाचताना किंवा लिहिताना सर्वप्रथम नाम आणि विशेषण यांच्यामध्ये हे शब्द घालून पाहावेत. अर्थ नीट लागला, तर विशेषण नामानंतर का आले याचे उत्तर तिथेच मिळते.

सुरुवातीलाच एक फरक स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. मराठी व्याकरणात 'हुशार मुलगी' यातील विशेषणाला अधिविशेषण आणि 'मुलगी हुशार आहे' यातील विशेषणाला विधिविशेषण म्हणतात. इंग्रजीतही हे दोन्ही प्रकार आहेत, आणि 'द गर्ल इज क्लेव्हर' या वाक्यात विशेषण नामानंतर आले म्हणून ते आपल्या विषयात येत नाही, कारण तिथे ते क्रियापदाच्या आधाराने उभे आहे. त्याचप्रमाणे 'दे पेंटेड द डोअर रेड' या वाक्यातील 'रेड' हेही दाराला रंगवून काय केले ते सांगणारे पूरक आहे. या लेखाचा विषय तिसरा आहे: जे विशेषण नामानंतर येते आणि तरीही त्या नामाच्याच गटात राहते ते. ओळखण्याची रीत सोपी आहे. नामाच्या जागी सर्वनाम घालून पाहावे. 'दे पेंटेड इट रेड' असे म्हणता येते, म्हणजे 'रेड' नामाच्या गटाबाहेर आहे. 'वी थँक्ड द मेंबर्स प्रेझेंट' याचे मात्र 'वी थँक्ड देम' असेच होते. सर्वनाम येताना 'प्रेझेंट' या शब्दालाही सोबत घेऊन जाते. 'दे फाउंड द स्टोलन कार' म्हणजे चोरीला गेलेली गाडी सापडली, आणि 'दे फाउंड द कार स्टोलन' म्हणजे जाऊन पाहिले तर गाडी चोरीला गेलेली होती. क्रम बदलल्याने पोलिसांचे यश आणि मालकाचे नुकसान एवढा फरक पडतो.

विशेषणाला जोडून आणखी शब्द आले तर

मराठी माणसाच्या चुका सर्वांत जास्त इथे होतात, आणि त्या आपल्या भाषेच्या घडणीतून येतात. मराठीत नामाच्या आधी कितीही मोठे वर्णन ठेवता येते. 'कडेपर्यंत पाण्याने भरलेली बादली', 'मुलाच्या यशाचा अभिमान असलेली आई', 'कुत्र्यांना घाबरणारा मुलगा' या सर्व रचनांत नाम शेवटी येते आणि वाचणाऱ्याला काहीच अडखळत नाही. इंग्रजीला हे चालत नाही. विशेषण एकटे असेल तर ते नामाच्या आधी राहते; त्याला 'ऑफ', 'फॉर', 'टू', 'विथ' असे शब्द जोडून पुढे काही सांगायचे असेल, तर विशेषणासकट तो सगळा समूह नामानंतर जातो. 'अ फुल बकेट' बरोबर, पण 'अ फुल ऑफ वॉटर बकेट' चूक. तिथे 'अ बकेट फुल ऑफ वॉटर' असेच लिहावे लागते. याच नियमाने 'अ प्राउड मदर' पण 'अ मदर प्राउड ऑफ हर सन', आणि 'अ सूटेबल बॉय' पण 'अ बॉय सूटेबल फॉर द जॉब' असे होते. 'अफ्रेड' हा शब्द तर एकटा असतानाही नामाच्या आधी येत नाही, म्हणून 'अ चाइल्ड अफ्रेड ऑफ डॉग्ज' याला दुसरा पर्यायच नाही. 'वर्थ' या शब्दाचेही तसेच: वाचण्याजोगे पुस्तक म्हणजे 'अ बुक वर्थ रीडिंग'.

हाच नियम धातुसाधित विशेषणांना लागू होतो, आणि कार्यालयीन इंग्रजीतली एक रुजलेली चूक त्यातूनच समजते. 'खाली दिलेला तक्ता' याचे शब्दाला शब्द ठेवून 'द बिलो गिव्हन टेबल' असे लिहिलेले परिपत्रकांत आणि परीक्षेच्या सूचनांत वारंवार आढळते. 'बिलो' हा शब्द 'गिव्हन' या शब्दाला जोडून आलेला असल्याने तो समूह नामानंतर जायला हवा: 'द टेबल गिव्हन बिलो'. शिबिरासाठी निवडलेले विद्यार्थी म्हणजे 'द स्टुडंट्स सिलेक्टेड फॉर द कॅम्प', आणि स्टेशनकडे जाणारा रस्ता म्हणजे 'द रोड लीडिंग टू द स्टेशन'. काही धातुसाधिते एकटी असली तरी नामानंतरच शोभतात, कारण आधी आली की ती कायमचा गुण सांगू लागतात. 'द मेथड यूज्ड' म्हणजे वापरलेली पद्धत. 'अ यूज्ड कार' म्हणजे जुनी, दुसऱ्याच्या हातून आलेली गाडी. 'द क्वेश्चन्स आस्क्ड', 'द डिसिजन टेकन', 'द मनी स्पेंट' हे क्रम म्हणूनच उलटे करू नयेत. शोधनिबंधात 'द यूज्ड मेथड' असे लिहिले, तर त्या विषयाचा जाणकार वाचक पहिल्याच पानावर थबकतो.

मोजमाप सांगताना दोन्ही क्रम चालतात, मात्र रूप बदलते. कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे शिखर आहे हे सांगताना 'अ पीक १६४६ मीटर्स हाय' असे लिहिता येते, आणि तेच वर्णन आधी आणले तर 'अ १६४६-मीटर-हाय पीक' होते. नामाआधी आल्यावर 'मीटर्स' या शब्दातील अनेकवचन जाते आणि शब्द जोडरेघेने बांधले जातात. 'अ बॉय टेन यिअर्स ओल्ड' पण 'अ टेन-यिअर-ओल्ड बॉय'. 'अ वेल फॉर्टी फीट डीप' पण 'अ फॉर्टी-फुट-डीप वेल'. ज्यांना जोडरेघा आणि वचन यांची खात्री वाटत नाही, त्यांनी नामानंतरचा क्रम निवडावा. त्यात चुकण्याची शक्यता कमी असते.

'समथिंग', 'एनीवन' आणि त्यांचे सोबती

'समथिंग', 'एनीथिंग', 'नथिंग', 'एव्हरीथिंग', 'समवन', 'एनीबडी', 'नोबडी', 'समव्हेअर' अशा अनिश्चित शब्दांना विशेषण नेहमी नंतर जोडले जाते. 'समथिंग स्वीट', 'नथिंग स्पेशल', 'एनीवन इंटरेस्टेड', 'समव्हेअर क्वाएट'. इथे मराठी आपल्याला मदतच करते, कारण आपणही 'काहीतरी गोड दे', 'काही विशेष नाही', 'कोणी ओळखीचे भेटले का' असेच म्हणतो. त्या क्रमावर विश्वास ठेवावा. 'दोज' या शब्दाबाबतही हाच क्रम आहे: 'दोज प्रेझेंट', 'दोज इंटरेस्टेड मे अप्लाय'. फक्त 'थिंग' हा शब्द सुटा आला, तर ते साधे नाम होते आणि विशेषण परत आधी येते: 'अ न्यू थिंग'.

जागा बदलली की अर्थ बदलतो

काही विशेषणे दोन्ही जागी येतात आणि दोन्ही जागी त्यांचा अर्थ वेगळा असतो. लिहिणाऱ्याने या शब्दांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण इथे व्याकरण बिघडत नाही, वाक्य शुद्ध दिसते, आणि म्हणूनच चूक कोणाच्या नजरेस येत नाही.

'प्रेझेंट' हा शब्द घ्या. 'द प्रेझेंट मेंबर्स' म्हणजे सध्याचे सभासद, मग ते सभेला आलेले असोत वा नसोत. 'द मेंबर्स प्रेझेंट' म्हणजे त्या सभेला हजर असलेले सभासद. गृहनिर्माण संस्थेच्या इतिवृत्तात 'द प्रेझेंट मेंबर्स अप्रूव्हड द बजेट' असे लिहिले, तर सर्व विद्यमान सभासदांनी अंदाजपत्रक मंजूर केले असा अर्थ होतो, आणि न आलेल्या सभासदाला त्यावर हरकत घेण्यास जागा मिळते. भारतीय राज्यघटनेच्या मूळ इंग्रजी मजकुरात हा क्रम अत्यंत काटेकोरपणे पाळलेला आहे. घटनादुरुस्तीविषयीच्या अनुच्छेद ३६८ मध्ये दोन अटी आहेत: एक, सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, आणि दोन, 'मेंबर्स ऑफ दॅट हाउस प्रेझेंट अँड व्होटिंग' यांच्यापैकी किमान दोन-तृतीयांश. लोकसभेची सदस्यसंख्या ५४३ धरली, तर पहिल्या अटीसाठी २७२ मते लागतात. त्या दिवशी ४५० सदस्यांनी हजर राहून मतदान केले असेल, तर दुसऱ्या अटीसाठी ३०० मते लागतील. ही दुसरी संख्या दर वेळी बदलते, आणि ती बदलते हे 'हाउस' या शब्दानंतर आलेल्या 'प्रेझेंट अँड व्होटिंग' या शब्दांमुळेच कळते.

'कन्सर्न्ड' या शब्दाची गोष्ट आपल्याकडच्या कार्यालयांशी जोडलेली आहे. 'संबंधित अधिकारी' या अर्थाने भारतात सर्रास 'द कन्सर्न्ड ऑफिसर' लिहितात, आणि देशांतर्गत पत्रव्यवहारात ते सर्वांना कळते. पण ब्रिटन, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियातील वाचक आधी आलेल्या 'कन्सर्न्ड' या शब्दाचा अर्थ 'चिंतित' असा घेतो. 'कन्सर्न्ड पेरेंट्स' म्हणजे काळजीत पडलेले पालक. 'द पेरेंट्स कन्सर्न्ड' म्हणजे ज्यांचा त्या बाबीशी संबंध आहे ते पालक. परदेशी विद्यापीठाला किंवा दूतावासाला पत्र लिहिताना 'द ऑफिसर कन्सर्न्ड' किंवा 'द डिपार्टमेंट कन्सर्न्ड' असेच लिहावे. देशांतही तसेच लिहिले तर काही बिघडत नाही, म्हणून एकच सवय लावून घेणे बरे.

'रिस्पॉन्सिबल' या शब्दात गोंधळ अधिक घातक आहे. 'अ रिस्पॉन्सिबल ऑफिसर' म्हणजे जबाबदारीने वागणारा अधिकारी, ही स्तुती आहे. 'द ऑफिसर रिस्पॉन्सिबल' म्हणजे ज्याच्यावर त्या कामाची किंवा त्या चुकीची जबाबदारी येते तो. तक्रार अर्जात 'द रिस्पॉन्सिबल ऑफिसर शुड बी पनिश्ड' असे लिहिणारा नागरिक नकळत कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याला शिक्षा मागत असतो. 'इन्व्हॉल्व्ड' या शब्दाचेही असेच: 'अॅन इन्व्हॉल्व्ड प्रोसीजर' म्हणजे गुंतागुंतीची कार्यपद्धती, आणि 'द पीपल इन्व्हॉल्व्ड' म्हणजे त्यात सहभागी असलेली माणसे. 'प्रॉपर' आधी आला तर 'योग्य, नीट', नंतर आला तर 'नेमके तेच, आजूबाजूचे वगळून': 'पुणे प्रॉपर' म्हटले की पिंपरी-चिंचवड त्यात येत नाही.

या जोड्या नीट पाहिल्या की त्यांतून एक सूत्र दिसते. नामाआधीचे विशेषण बहुधा टिकणारा गुण सांगते. नामानंतरचे विशेषण त्या वेळची, त्या प्रसंगापुरती स्थिती सांगते. ड्वाइट बोलिंजर या अमेरिकन भाषाभ्यासकाने १९६७ मध्ये हा फरक विस्ताराने मांडला. 'द व्हिजिबल स्टार्स' म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसू शकणारे तारे, मग आज आभाळ भरून आलेले का असेना. 'द स्टार्स व्हिजिबल' म्हणजे या क्षणी, इथून दिसत असलेले तारे. माथेरानहून आज रात्री कोणते तारे दिसताहेत हे विचारायचे असेल, तर दुसराच क्रम हवा. 'अवेलेबल', 'पॉसिबल', 'इमॅजिनेबल' हे शब्द 'ओन्ली', 'एव्हरी' किंवा 'बेस्ट', 'शॉर्टेस्ट' अशा शब्दांसोबत आले की सहजपणे नामानंतर जातात: 'द ओन्ली सीट अव्हेलेबल', 'द शॉर्टेस्ट रूट पॉसिबल'. यांत आधीचा क्रमही चालतो, आणि 'द शॉर्टेस्ट पॉसिबल रूट' असे लिहिले तर ती चूक मानू नये. झोपलेले, जागे, जिवंत अशी स्थिती सांगणारे 'अस्लीप', 'अवेक', 'अलाइव्ह' हे शब्द तर याच सूत्राने नामाआधी येतच नाहीत. 'द अस्लीप चाइल्ड' असे कोणी लिहीत नाही. 'द स्लीपिंग चाइल्ड' किंवा 'द चाइल्ड अस्लीप इन द नेक्स्ट रूम' असे लिहितात.

फ्रेंचमधून आलेली पदनामे

आता ज्यांना खरोखरच पाठ करावे लागते असा एक गट उरतो. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढे दरबार व न्यायालये यांच्या कामकाजात फ्रेंच भाषा रुजली. १३६२ मध्ये न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत करावेत असा कायदा झाला, तरी वकिलांच्या लिखाणात फ्रेंच त्यानंतरही दीर्घकाळ राहिली. फ्रेंचमध्ये विशेषण बहुधा नामानंतर येते, म्हणून कायदा आणि प्रशासन यांतील अनेक संज्ञांमध्ये तोच क्रम गोठून राहिला. 'अटर्नी जनरल', 'सॉलिसिटर जनरल', 'कोर्ट मार्शल', 'नोटरी पब्लिक', 'एअर अपॅरंट' (गादीचा निश्चित वारस) ही त्याची उदाहरणे. 'टाइम इमेमोरिअल' ही संज्ञा आपण 'अनादी काळापासून' अशा ढोबळ अर्थाने वाचतो, पण इंग्लिश कायद्यात तिला ठरलेली सीमा आहे, ती म्हणजे पहिल्या रिचर्डच्या राज्यारोहणाचे वर्ष ११८९.

या पदनामांत 'जनरल' हे विशेषण आहे हे लक्षात ठेवण्याचा व्यावहारिक उपयोग अनेकवचनाच्या वेळी होतो. अनेकवचन नामाचे होते, विशेषणाचे नव्हे, म्हणून 'अटर्नीज जनरल', 'गव्हर्नर्स-जनरल', 'सेक्रेटरीज-जनरल', 'नोटरीज पब्लिक', 'कोर्ट्स मार्शल' ही रूपे लिहावीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७६ मधील महान्यायवादी आणि अनुच्छेद १६५ मधील राज्यांचे महाधिवक्ता यांच्याविषयी लिहिताना ही रूपे हमखास लागतात; महाराष्ट्राच्या आजवरच्या महाधिवक्त्यांची यादी करायची असेल, तर तिचा मथळा 'अॅडव्होकेट्स जनरल' असा होईल. काही शब्दकोश 'कोर्ट मार्शल्स' हेही रूप देतात, पण औपचारिक लेखनात पहिलेच रूप अधिक निर्धोक आहे. लष्करातील 'मेजर जनरल' आणि 'लेफ्टनंट जनरल' यांना मात्र हा नियम लावू नये. तिथे 'जनरल' हेच आज मुख्य नाम मानले जाते, म्हणून 'मेजर जनरल्स' बरोबर. षष्ठीचा प्रत्यय मात्र संपूर्ण समूहाच्या शेवटी लागतो: 'द अटर्नी जनरल्स ओपिनियन'. उच्चारात हे चुकीच्या अनेकवचनासारखे ऐकू येते, लिहिताना 'एस' या अक्षराच्या आधी वर लागणारी खूण तो फरक दाखवते.

'इलेक्ट' (निवडून आलेला), 'डेझिग्नेट' (नेमलेला, पण पदभार न घेतलेला), 'इनकार्नेट' (मूर्तिमंत), 'गलोर' (भरपूर) हे शब्दही या अर्थांनी नामानंतरच येतात. 'प्रेसिडेंट-इलेक्ट' म्हणजे निवडून आलेला पण अद्याप पदभार न घेतलेला अध्यक्ष, आणि 'मँगोज गलोर' म्हणजे भरपूर आंबे. हा गट लहान आहे. वाचनात भेटेल तसा टिपून ठेवला तरी पुरे. 'अ स्काय ब्लू अँड क्लाउडलेस' अशी दोन विशेषणांची जोडी नामानंतर ठेवण्याची रीत इंग्रजी काव्यात आणि ललित गद्यात आहे. आपल्या ओव्या-अभंगांतही शब्दांचा क्रम असा मोकळा असतो. अर्जात किंवा अहवालात ही रचना वापरू नये, कारण तिथे ती कृत्रिम वाटते.

हे सगळे एका सूचनेवर लावून पाहू. एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर असा मजकूर आहे असे समजा: 'द प्रेझेंट मेंबर्स डिस्कस्ड द बिलो गिव्हन पॉइंट्स. द फुल ऑफ गार्बेज प्लॉट शुड बी क्लीन्ड बाय द रिस्पॉन्सिबल ऑफिसर.' पहिल्या वाक्यात 'हू वेअर' घालून पाहिले की सभेला आलेले सभासद अभिप्रेत आहेत हे कळते, म्हणून 'द मेंबर्स प्रेझेंट'. 'गिव्हन' या शब्दाला 'बिलो' जोडलेला आहे, म्हणून 'द पॉइंट्स गिव्हन बिलो'. 'फुल' या शब्दाला 'ऑफ गार्बेज' जोडलेले आहे, म्हणून 'द प्लॉट फुल ऑफ गार्बेज'. शेवटी 'द ऑफिसर रिस्पॉन्सिबल' असे केले तरी काम पूर्ण होत नाही, कारण आधी कचऱ्याचा उल्लेख आलेला असल्याने कचरा ज्याच्यामुळे साठला तो अधिकारी, असा आरोप वाचणाऱ्याला त्यात दिसू शकतो. तिथे जबाबदारी कशाची हे सांगावेच लागते: 'द ऑफिसर रिस्पॉन्सिबल फॉर सॅनिटेशन'.